फटक्याचे बळ जमिनीतून येते

किन्हीराजा,
दि. २ सप्टेंबर २०२४

श्री. धनराज आडे यांस,
सविनय जय भीम.

ओळख नसताना आपणास पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. आपण हे अर्धे वाचून बाजूला ठेवले तरी मला वाईट वाटणार नाही. न लिहिता राहिले असते, तर मात्र वाटले असते.

मी मंजुषा पट्टेबहादूर. मंगरूळपीरला आपल्याच महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. आपण मला पाहिलेले नाही. ऑगस्टमधल्या बेसबॉल सामन्यांच्या वेळी, अक्षर चांगले म्हणून, क्रीडाशिक्षकांनी मला गुण लिहायला बसवले होते. चेंडू मारायचा आणि चार बेसना फेरी घालून परत यायचे, याहून अधिक मला त्या खेळातले काही कळत नव्हते. पण एक गोष्ट खटकली. आपण बॅट इतक्या जोराने फिरवता की तिचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येई. आणि तरीही चेंडू मैदानाच्या मध्यातच पडे. एवढा जोर जातो कुठे, हे कोडे मला सुटेना. एका मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये आपल्या खेळाचे चित्रण होते. ते संथ करून मी पाहिले. परवानगी घेतली नव्हती, याचीही क्षमा असावी.

फटक्याचे बळ हातांत नसते. ते जमिनीतून येते. मागचा पाय जमिनीला रेटतो, जमीन तितक्याच बळाने त्याला उलट रेटते. तो रेटा मांडीतून कमरेत जातो. कंबर वळते, मग छाती, मग खांदे. हात सर्वांत शेवटी निघतात. प्रत्येक अवयव आधीच्याची वाट पाहतो आणि त्याचा वेग घेऊन पुढे जातो. आपले हात मात्र कमरेची वाट पाहत नाहीत. ते तिच्याबरोबरच निघतात, आणि वरून खाली येतात. तूर झोडपताना आपण सगळेच असे करतो. आमच्या खळ्यावर मीही करते. तुरीला तेवढे पुरते. चेंडूला पुरत नाही.

मी आयुष्यात बॅट हातात धरलेली नाही, हे सांगून टाकलेले बरे. अकोल्याच्या आपल्या सराव-शिबिराचा पत्ता सूचनाफलकावरून घेतला. तेथे मोबाइल जमा करून घेतात असे कळले; तसेही फोनवर मला बोलता येत नाही.

आपली नम्र,
मंजुषा पट्टेबहादूर


अकोला,
१४ सप्टेंबर

मंजुषाताई,
जय सेवालाल.

तुमचं पत्र आलं तं अख्खं शिबिर घाबरलं. आमच्यात पत्र म्हंजे कोर्टाचं, नाईतर बँकेचं. हरीओम, आमचा कॅचर, फटका मारनाऱ्याच्या मागं बसून चेंडू झेलते तो, म्हने, "आडे, काय करून बसला बे?"

मी वाचलं. अर्धं समजलं. तुमी लय जड लिहिता बापा. पन तुरीचं एकदम बराबर. आमी बंजारा तांड्यावरचे पोरं लोकाइच्या वावरात तूर झोडपूनच मोठे झालो. माहा बा म्हन्ते, ताकद भाकरीतून येते, जमिनीतून फक्त काटे येतात.

तरी दुसऱ्या दिवशी कंबर आधी फिरवून पाह्यली. हरीओम मागून ओरडला, "अबे, बॅटिंग करून राह्यला का वरातीत नाचून राह्यला?" सगळे हासले. लय चेंडू त्याच्याच हातात गेले. मंग एक लागला. ताई, तो कुठं गेला असन? कुंपनापलीकडं सोयाबीनमंधी. अजून भेटला नाई. सर फक्त म्हने, "परत मार."

आनखी सांगा. २८ नोव्हेंबरले विद्यापीठाच्या संघाची निवड हाये. माहं शेवटचं वर्स. संघात आलो तं खेळाडूच्या कोट्यातून पोलिसात लागाची आशा हाये. नाईतर दिवाळीनंतर याडी-बासंगं, म्हंजे आई-बापासंगं, ऊस तोडाले जानं ठरलेलंच. आमच्या घरातून एकानं तरी कोयता खाली ठेवावा, असं माह्या याडीले वाटते. मले बी वाटते.

धनराज


किन्हीराजा,
दि. २२ सप्टेंबर २०२४

श्री. धनराज यांस,
सविनय जय भीम.

सोयाबीनमधल्या चेंडूचे वाचून मी एकटीच हसले. आई म्हणाली, "अवं, पुस्तक वाचून हासते का कोनी?" मी म्हणाले, "पुस्तक नाही, पत्र आहे." मग पंचाईत झाली, कारण कोणाचे ते सांगावे लागले. "बरं," म्हणाली, आणि भाकरी उलटली. आमच्या आईच्या एका 'बरं'मध्ये पुष्कळ काही मावते.

आता पुढची गोष्ट. मागच्या पायाने बळ उचलले, तरी ते कुठेतरी अडवावे लागते. नाहीतर सगळे शरीर चेंडूकडे वाहून जाते आणि बॅट मागे राहते. शेलूबाजारच्या जीपमध्ये आपण बसलाच असाल. ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो तेव्हा जीप थांबते, पण मागच्या बाकावरचा माणूस पुढच्याच्या मांडीवर येतो. आपला डावा पाय, म्हणजे पुढचा, तो ब्रेक आहे. तो रोवला जाऊन गुडघ्यात ताठ झाला, की कंबर त्याच्याभोवती गर्रकन वळते, आणि पायाने थांबवलेला सगळा वेग बॅटला मिळतो. चांगल्या फटक्याचे अर्धे रहस्य धावण्यात नसून थांबण्यात आहे.

चित्रणात आपला डावा गुडघा फटक्याच्या क्षणी वाकलेलाच दिसतो. ती सवय आहे का? असल्यास मोडता येईल.

आणखी एक लिहू का? आपण मला ताई म्हणता. मी आपल्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान आहे. महाविद्यालयाच्या यादीवरून समजले.

मंजुषा


अकोला,
७ ऑक्टोबर

मंजुषा,
जय सेवालाल.

आठ महिने मोजले तुमी! बरं, ताई बंद. "तुमी" मात्र राहू द्या. एवढं शिकलेल्या मानसाले मले तू म्हनता येत नाई.

जीपचं मी सगळ्याइले सांगितलं. हरीओम म्हने, "हे कोन सर हायेत, त्याइले आपल्याकडं बोलवा ना." मी म्हनलं, सर नाई, आमच्या कॉलेजातली हुशार पोरगी हाये. तवापासून तुमचं पत्र आलं का सारे म्हन्तात, मोठ्यानं वाच. मी नाई वाचत. खेळाचा भाग सांगतो अन् बाकीचं खिशात ठेवतो. खेळाचं सोडून तुमी लय थोडं लिहिता, पन तेच मी जास्त खेपा वाचतो.

गुडघ्याचं काई नाई. सवयच हाये. जाईन.

आता कंबर आधी, हात शेवटी, हे बसलं. चारातले दोन चेंडू दूर जातात. एका पोरानं शिबिरातल्या सराइच्या मोबाइलवर माहं नवीन चित्रन काढून कॉलेजच्या सराइले पाठवलं हाये. पाहा, अन् मार्क द्या.

धनराज


किन्हीराजा,
दि. २० ऑक्टोबर २०२४

धनराज,
जय भीम.

दसऱ्याला आम्ही घरची सगळी दीक्षाभूमीवर गेलो होतो. दरवर्षी मला तेथे एक पुस्तक घेण्याची मुभा असते. या वर्षी जुन्या पुस्तकांच्या ढिगात मानवी सांध्यांवरचे एक इंग्रजी पुस्तक मिळाले. बाबा म्हणाले, "डाक्टर होऊन राह्यली का वं?" परतीच्या गाडीत उभ्याने मी गुडघ्याचे प्रकरण वाचले.

नवे चित्रण पाहिले. हात, कंबर, खांदे, सगळे सुंदर झाले आहे. मार्क द्यायचे तर पैकीच्या पैकी देईन. पण मी पाय पाहत होते. आपण डावे पाऊल टेकवता, आणि भार यायच्या आत टाच उचलून घेता. पायात काटा असलेला माणूस जसे पाऊल टाकतो, तसे. फटका मारून झाल्यावर क्षणभर ओठ दाबता. तेवढ्यात हसता, म्हणून कोणाला दिसत नाही.

सवय मोडताना माणूस विसरतो, चुकतो, मग आठवतो. आपण एकदाही विसरला नाहीत. ही सवय नव्हे, वेदना आहे.

मला खरे सांगाल का?

मंजुषा


अकोला,
५ नोव्हेंबर

मंजुषा,

दिवाळीले घरी गेलो होतो. याडी-बा गाडीत बसून ऊसतोडीले गेले. तांड्यावर आता आजी अन् माही बहीन निता. म्हनून लिहाले उशीर झाला. खोटं हाये हे. लिहाचं नव्हतं म्हनून उशीर झाला.

दोन वर्सापयले तिकडं मी ऊस भरून राह्यलो होतो. मोळी डोक्यावर घ्याची अन् फळीवरून ट्रकवर चढाचं. फळी ओली होती. पाय फळीत अडकला अन् मी मोळीसकट फिरलो. गुडघ्यात टक् असा आवाज आला. पंधरा दिवसात चालाले लागलो, मंग कोनी लक्ष देलं नाई. मी बी नाई. पन भार टाकून वळलो का तो सुटते. आपला नसल्यासारखा. इथल्या डाक्टरनं पाह्यलं. म्हने आतली शीर तुटलेली हाये, ऑपरेशन करा, वर्सभर खेळ बंद. वर्सभरानं मी कॉलेजात नाई राहत, मंग खेळू कुठून?

सराइले माहीत नाई. हरीओमले नाई. तुमाले मोबाइलमंधी दिसलं.

आता एक काम करा. तुमी इंग्रजी पुस्तकं वाचता. शोधून सांगा, हा पाय सोडून ताकद आनखी कुठून येते? मनगट, खांदे, पोट, जड बॅट, काई बी. असनच ना कुठं? एकच दिवस, धा-बारा चेंडू, एवढंच काढाचं हाये. तुमी आहे म्हनलं तं मी डोळे मिटून ऐकीन. नाई म्हनलं तं घरी जाऊन बसीन. तुमच्या शब्दाबाहेर नाई.

निवड झाली का किन्हीराजाले येतो. तुमच्या बाबाइले भेटाचं हाये. कायले, ते तुमाले समजलंच असन. तुमाले सगळंच समजते.

धनराज


किन्हीराजा,
दि. १३ नोव्हेंबर २०२४

धनराज,

गेला आठवडा मी दुसरे काही केले नाही. महाविद्यालयाच्या आणि तालुक्याच्या, दोन्ही ग्रंथालयांत जे मिळाले ते वाचले. मग प्रयोग केला. अंगणात बाबांची काठी घेऊन उभी राहिले आणि आईला चिंध्यांचा चेंडू टाकायला सांगितला. आधी दोन्ही पायांवर उभी राहून मारला, मग डावा पाय उचलून, मग स्टुलावर बसून पाय अधांतरी ठेवून. बाबा गोठ्यातून म्हणाले, "हिले काय झालं?" आई म्हणाली, "शिकून राह्यली ते. राहू द्या." दोन्ही पायांवरचा चेंडू गोठ्यावरून गेला. स्टुलावरचा माझ्या सावलीपलीकडे गेला नाही.

मनगटे बॅटला दिशा देतात. बळ फार थोडे देतात. खांद्यांना कमरेचा आधार लागतो, कमरेला पायाचा. जड बॅट उशिरा पोहोचते. मी प्रत्येक पानावर आपल्यासाठी एखादी पळवाट शोधली. धनराज, दुसरी जागा नाही.

आणि ज्या गुडघ्यातली शीर आधीच तुटली आहे, त्याने तो भार अडवला, तर आत जे काही उरले आहे तेही जाईल. आपण खेळू नये. शस्त्रक्रिया करून घ्यावी.

मी आहे म्हटले तर डोळे मिटून ऐकाल, असे आपण लिहिलेत. म्हणूनच मला ते म्हणता येत नाही.

किन्हीराजाला येण्यासाठी निवड व्हावी लागते, अशी अट आमच्याकडून कोणी घातलेली नाही. ती आपण घातली आहे. काढून टाकावी.

मंजुषा


अकोला,
२० नोव्हेंबर

मंजुषाताई,

पत्र भेटलं. तुमी पयल्या नंबरच्या. तुमचं उत्तर कधी चुकत नाई. मी आयुष्यात कोनाले काई मागितलं नव्हतं. तुमाले एक उत्तर मागितलं, चुकीचं असतं तरी चाललं असतं.

घरी बसीन असं लिहिलं होतं मी. नाई बसवत. याडीनं फोनवर इचारलं, "कोयता घासून ठेवू का नको?" तिले काय सांगू, पुस्तकात नाई म्हनून लिहिलं हाये?

२८ तारखेले मी खेळनार. आता लिहू नका. चेंडू येताना तुमचं अक्षर डोळ्यासमोर नको.

धनराज


शेलूबाजारजवळचा तांडा,
१२ डिसेंबर

मंजुषाताई,

मी निता, धनराजभाऊची लहान बहीन. बारावीले हाये. तुमचा पत्ता भाऊच्या बॅगेतल्या पत्राइवरून घेतला. त्याले सांगितलं नाई.

निवडीच्या दिवशी काय झालं ते हरीओमभाऊनं आमाले सांगितलं. भाऊ आधी पाय सांभाळून मारून राह्यला होता, नुसत्या हातानं. सगळे चेंडू समोरच पडले. निवडनाऱ्या सायबानं मान हालवली अन् म्हनलं, "पुढचा." भाऊ म्हने, "साहेब, एक चेंडू." साहेब म्हने, "एकच."

मंग भाऊनं डावा पाय रोवला. हरीओमभाऊ म्हन्ते, मी मागं बसलो होतो, असा पाय रोवलेला मी कोनाचा पाह्यला नाई. चेंडू कुंपन ओलांडून, रस्ता ओलांडून गेला. कुठं पडला कोनी पाह्यलंच नाई, कारन सगळे भाऊकडं पाहत होते. त्याले पयल्या बेसपर्यंत जाता आलं नाई. दोन पावलं टाकली अन् खाली बसला. नाव यादीत नाई आलं. जो धावू शकत नाई त्याले कसं घेतीन?

आता पाय पट्ट्यात हाये. डाक्टर म्हन्ते दोन शिरा गेल्या, गुडघ्यातली गादी बी फाटली. जीपमंधून आनताना तो एकच खेप बोलला. म्हने, "मंजुषा बराबर होती. ताकद तिथूनच येते." तवापासून भिंतीकडं तोंड करून पडला हाये. आजी म्हन्ते, "पोरा, भिंतीत काय लिहिलं हाये?" तरी वळत नाई.

ताई, तुमी एक खेप या ना. पत्र नका पाठवू. पत्र तो उघडनार नाई, पन मानूस दारात उभं राह्यलं तं त्याले उठाच लागन. बानं आमाले दोघाइले तिकडं बोलावलं हाये, ऊसतोडीच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत. आजी तांड्यावरच राहीन. मुकादमानं भाऊसाठी बसून कराचं काम पाह्यलं म्हने. २३ तारखेले, सोमवारी, दुपारी दोनच्या बसनं शेलूबाजारहून निंघतो. मंग परत कधी येऊ सांगता येत नाई. त्याच्याआधी या. नाई जमलं तं बस थांब्यावर तरी या. मी वाट पाहीन.

निता


शेलूबाजार,
दि. २३ डिसेंबर २०२४

धनराज,

हे पत्र बस थांब्यावरच्या बाकावर बसून लिहीत आहे. समोरच्या रस्त्यावरून आपली बस आताच गेली.

निताचे पत्र मला १६ तारखेला मिळाले. किन्हीराजाहून आपला तांडा जीपने किती अंतरावर आहे, हे आपणास ठाऊकच आहे. मी रोज निघाले आणि रोज मंगरूळपीरच्या बसमध्ये बसून महाविद्यालयात गेले. आपल्या दारात उभी राहून काय बोलायचे, ते मी मनात लिहून काढत असे. वाक्य शुद्ध होई, पण तोंडातून काढण्याजोगे होत नसे.

शनिवारी मी बाबांना सगळे सांगितले. आपण येणार होता तेही, आणि कशासाठी तेही. आमच्यात आणि आपल्यात जे जातीचे अंतर आहे, त्यावर ते काहीतरी बोलतील म्हणून मी उत्तरे तयार ठेवली होती. ते बैलाला चारा घालत होते. म्हणाले, "पोरगा लंगडा असला तं चालते वं. पोरगी मुकी असली तं कसं चालीन? जाय, बोल त्याच्याशी." आईने आज डबा भरून दिला. आपल्या प्रवासासाठी. तो माझ्या शेजारी बाकावर आहे.

मी साडेबारालाच येथे पोहोचले. दीडच्या सुमारास आपण जीपमधून उतरलात. निताने बॅग घेतली. आपण कुबडी काखेत घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलात. दाढी वाढली आहे. मी आपल्याला याआधी केवळ टेबलामागून आणि मोबाइलच्या काचेत पाहिले होते. इतके जवळून प्रथमच पाहिले. मध्ये एक रस्ता होता.

निताला माझा चेहरा ठाऊक नाही. पण डबा धरून एकटी उभी असलेली मुलगी तिने ओळखली असावी. तिने हात वर केला. आपण मान वळवू लागलात, आणि मी रसवंतीच्या गाडीमागे गेले. आपल्याला टाळायचे नव्हते. माझे पाय आपोआप तसे गेले. मग बस आली. कंडक्टर म्हणाला, "चढ भाऊ, दमानं चढ, गाडी कुठं पळून नाई राह्यली." तरीही मी तेथेच होते. आपण उजवा पाय आधी वर ठेवलात, दांडा धरलात, आणि डावा मागून उचलून घेतलात. निता खिडकीतून मागे पाहत राहिली.

तुटलेल्या पायाने आपण तो एक फटका मारलात. माझे दोन्ही पाय धड आहेत, आणि मला एक रस्ता ओलांडता आला नाही.

मी दिलेले उत्तर खरे होते. ते चुकीचे द्यायला हवे होते, असे मी आजही म्हणणार नाही. पण आपण मला विचारले होते ते केवळ फटक्याविषयी नव्हते. मी फक्त तेवढ्याचेच उत्तर दिले आणि बाकीचे आपण समजून घ्याल म्हणून, निवडीची अट काढून टाकावी, एवढ्या एका ओळीत ठेवले. रागावलेल्या माणसाने ती ओळ कशी वाचावी? ती आता पुरती लिहिते. आपण किन्हीराजाला आला असतात, कुबडीवर आला असतात, कोयता घेऊन आला असतात, तरी मी हो म्हटले असते. मला आपण हवे होतात. अजूनही हवे आहात.

तिकडचा पत्ता निताने लिहिलेला नाही. कोपीला पत्ता नसतोच. म्हणून हे तांड्यावर पाठवीत आहे. आजींना वाचता येत नसेल, हे मी समजून आहे. त्या ते कुठेतरी जपून ठेवतील आणि आपण कधी परतलात तर देतील, किंवा विसरतील. हे कळत असूनही मी ते टाकणार आहे, कारण आज माझ्याने होण्यासारखे एवढेच उरले आहे.

आपली,
मंजुषा

पेटीत टाकले: शेलूबाजार, सोमवार, दि. २३ डिसेंबर २०२४, दुपारी ३ वाजून १० मिनिटे.